आरसा कीं पाटी?

घरांत नवें यंत्र आलें कीं त्याच्या पाठोपाठ एक नवा वादहि उंबरठा ओलांडून आंत येतो. शिवणयंत्राच्या वेळीं तो झाला, रेडिओच्या वेळीं झाला. आणि दूरदर्शनसंच आला तेव्हां त्याच्या जागेवरून आणि वेळेवरून किती घरांत तह करावे लागले, हें आमच्या प्रौढ वाचकांस आठवत असेलच. आतां पाळी संगणकाची आहे. सांगलीच्या एका वाचकांनीं आम्हांस सविस्तर पत्र पाठविलें असून त्यांतील प्रश्न एकट्या त्यांच्या घरचा नाहीं, म्हणून त्याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पत्राचा मथितार्थ असा. घरांत लहानमोठीं नऊ माणसें. वडिलांनीं आपल्या शिलकेंतून सत्तर हजार रुपये काढून दिले आणि सर्वांच्या उपयोगाचा एक ‘ऑल-इन-वन’ संगणक, म्हणजे पडदा आणि यंत्र एकाच अंगांत सामावलेला संगणक, माजघरांत ठेवावा असें ठरलें. दुकानांत दोन संच पसंतीस उतरले. किंमत जवळपास सारखीच. पहिल्याचा पडदा २७ इंची, कांचेचा, बोटानें चालणारा आणि असा चकचकीत कीं समोर उभें राहिलें तर भांग पाडतां यावा; परंतु आंतील प्रोसेसर हलका आणि मेमरी ८ जी.बी. दुसऱ्याचा पडदा २४ इंची, बिनचकाकीचा, दिसावयास अगदीं साधा. परंतु प्रोसेसर दमदार आणि मेमरी १६ जी.बी. मुलें पहिल्यावर लुब्ध झालीं आहेत, पत्रलेखकांचें मन दोलायमान आहे, आणि वडील म्हणतात, “तुम्ही ठरवा, पण पैसा एकदांच मिळेल.” पत्राच्या अखेरीस, जणूं जातां जातां, एक वाक्य आहे: धाकट्या सूनबाई दोन व्यापाऱ्यांचे हिशेब घरीं बसून लिहितात, त्यांचें काम दुपारीं ११ पासून ५ पर्यंत याच संगणकावर चालावयाचें आहे. आमच्या मतें सबंध पत्रांतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य तेंच होय. त्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

प्रथम ही चकाकी आली कोठून, तें पाहूं. पडदा आणि यंत्र एकत्र करण्याची कल्पना जुनी आहे. अ‍ॅपल कंपनीनें १९८४ सालीं काढलेल्या मॅकिंटॉशमध्यें ९ इंची काळापांढरा पडदा आणि १२८ के.बी. मेमरी एकाच पेटींत होती. त्याच कंपनीचा आयमॅक १९९८ च्या मे महिन्यांत जगापुढें आला आणि १५ ऑगस्ट रोजीं अमेरिकेंत विक्रीस निघाला. त्याच्या निळसर पारदर्शक अंगानें ‘संगणक म्हणजे करड्या रंगाचा ठोकळा’ ही समजूत मोडली. पुढें पडदे सपाट झाले, तेव्हां आयमॅकचा पडदाहि बिनचकाकीचाच होता. ऑगस्ट २००७ मध्यें मात्र कंपनीनें अ‍ॅल्युमिनियमचें अंग आणि पडद्यावर अखंड कांच असा नवा आयमॅक काढला. दुकानाच्या दिव्यांत तो अतिशय देखणा दिसे. परंतु छायाचित्रें आणि मुद्रणाचें काम करणारांपैकीं कित्येकांनीं तेव्हांच तक्रार केली कीं, पडद्यांतील चित्रापेक्षां पाठीमागची खिडकीच आम्हांस अधिक स्पष्ट दिसते.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. २०१२ च्या अखेरीस कंपनीनें कांच आणि पडदा यांमधील हवेची फट काढून टाकिली आणि कांचेवर परावर्तनविरोधी लेप चढविला. परावर्तन ७५ टक्क्यांनीं घटलें, असें तिनें स्वतःच जाहीर केलें. ऑगस्ट २०२० मध्यें २७ इंची आयमॅकसाठीं अतिसूक्ष्म खोदकाम केलेली, चकाकी मारणारी कांच जादा पैसे घेऊन देण्यास तिनें आरंभ केला, आणि ऑक्टोबर २०२४ च्या २४ इंची आयमॅकमध्येंहि ती सोय ठेविली. म्हणजे ज्या चकाकीचें एके काळीं भूषण मिरविलें, तिचेंच निवारण पुढें वेगळें मोल घेऊन विकावें लागलें. यांत कोणास हिणवण्याचा आमचा हेतु नाहीं. दुकानांतील पांच मिनिटांची मोहिनी आणि घरांतील पांच वर्षांचा सहवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेंच यावरून ध्यानांत घ्यावयाचें.

चकचकीत पडद्यांत आरसा कां दिसतो, याचें गणित सोपें आहे. साध्या कांचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकीं सुमारें ४ टक्के प्रकाश तिच्या एकेका पृष्ठभागावरून परत फिरतो. चार टक्के ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु चार टक्के कशाचे, हें पाहिलें पाहिजे. पडद्याची दीप्ति ‘निट’ या परिमाणांत मोजतात. मध्यम किंमतीच्या संचांत ती बहुधा २५० निटांच्या आसपास असते. उलट, दुपारच्या उन्हांत उभी असलेली चुन्याची पांढरी भिंत वीस हजार निटांपर्यंत सहज जाते. तिचे ४ टक्के म्हणजे ८०० निट! ज्याच्या माजघराचें दार उन्हानें भरलेल्या अंगणाकडे उघडतें आणि पडदा त्या दाराकडे तोंड करून ठेवलेला आहे, त्याच्या पडद्यावर अक्षरांच्या तिप्पट तेजानें अंगणाची भिंत उमटणार, हें उघड आहे. ढगाळ परंतु उजळ आकाशाची दीप्ति पांच हजार निट धरली तरी तिचे ४ टक्के २०० होतात, म्हणजे जवळजवळ पडद्याच्याच बरोबरीचे. कांचेमागें हवेची फट असेल तर परावर्तन करणारे पृष्ठभाग आणखी वाढतात, आणि एकाच खिडकीच्या दोन-तीन प्रतिमा एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

बिनचकाकीचा, म्हणजे ज्यास दुकानदार ‘मॅट’ म्हणतात तो पडदा, हा प्रकाश नाहींसा करीत नाहीं. तो त्यास विखरून टाकतो. आरसा आणि पाटी यांत जो फरक तोच येथें आहे. पाटीवरहि उजेड पडतो, पण तींत कोणास आपलें तोंड दिसत नाहीं. खिडकीची रेखीव प्रतिमा मोडून तिचा एक फिकट धूसर डाग होतो, आणि आपल्या डोळ्यांस अक्षर आणि प्रतिमा या दोहोंपैकीं कशावर दृष्टि स्थिर करावी हा संभ्रम पडत नाहीं.

परंतु न्यायाच्या दृष्टीनें मॅट पडद्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. विखुरलेला प्रकाश सबंध पडद्यावर पसरतो, त्यामुळें उजेडाच्या खोलींत काळा रंग किंचित् राखाडी दिसतो आणि चित्रांचे रंग थोडे उतरल्यासारखे वाटतात. लेप हलक्या प्रतीचा असला तर पांढऱ्या पानावर साखरेच्या कणांसारखी बारीक चमचम दिसते, आणि लहान अक्षरांच्या कडा पुसट होतात. उलट अंधाऱ्या किंवा नियंत्रित उजेडाच्या खोलींत चकचकीत पडद्यावरील छायाचित्र पाण्याखालच्या गोट्यासारखें सतेज दिसतें, हें कोणीहि नाकारूं नये. ज्यास रात्रीं दिवे मालवून चित्रपटच पाहावयाचे आहेत, त्यानें चकचकीत पडदा घेतला तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. चांगला परावर्तनविरोधी लेप दिलेली कांच हा तिसरा मार्ग आहे, आणि तो उत्तम आहे. मात्र तो बहुधा महाग संचांतच आढळतो.

बोटानें चालणाऱ्या पडद्याविषयीं येथेंच दोन शब्द. असा पडदा प्रायः कांचेचा आणि चकचकीतच असतो. टेबलावर उभ्या असलेल्या पडद्याकडे हात लांबवून घटकाभर काम करून पाहावें. खांदा किती लवकर भरून येतो, तें कळेल. शिवाय आपल्या घरांत बोटांस कधीं तूप, कधीं हळद, कधीं उदबत्तीची राख लागलेली असते. तिचे ठसे चकचकीत पडद्यावर प्रत्येक कोनांतून दिसतात. साफ करावयाचा तर मऊ सुती फडकें साध्या पाण्यानें जेमतेम ओलसर करून, यंत्र बंद असतां, हलक्या हातानें पुसावें; खिडक्या पुसण्याचीं अमोनियायुक्त द्रव्यें पडद्यास लावूं नयेत, कारण त्यांनीं लेप खराब होतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चकाकी आणि पडद्याची जात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वरची कांच कितीहि झळाळो, तिच्या मागें जो पट असतो त्याची जात दुकानदारास स्पष्ट विचारावी. ‘टी.एन.’ जातीचा पट बाजूनें किंवा खालून पाहिला तर रंग उलटेपालटे होतात, ‘आय.पी.एस.’ जातीचा पट चौफेर जवळजवळ सारखाच दिसतो. एकट्या माणसास याचें महत्त्व कमी. परंतु जेथें नातवंडें जमिनीवर, आजी झोपाळ्यावर आणि मोठी माणसें खुर्चीवर बसून परगांवच्या लेकीशीं एकाच वेळीं बोलणार, त्या एकत्र कुटुंबांत आय.पी.एस. पटच घ्यावा. तसेंच केवळ इंच पाहूं नयेत. १९२० गुणिले १०८० ठिपके २४ इंचांत बसविले तर एका इंचांत सुमारें ९२ ठिपके पडतात. तेच २७ इंचांत ताणले तर अवघे ८२. रोमन लिपीस हा फरक कदाचित् जाणवणार नाहीं, पण आपल्या लिपीचें तसें नाहीं. शिरोरेघेवरचा अनुस्वार, रफार, वेलांटीचा फांटा, ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध्य’ यांसारखीं जोडाक्षरें यांचा सगळा जीव दोन-चार ठिपक्यांत असतो. म्हणून २७ इंची पडदा घ्यावयाचाच तर त्यावर २५६० गुणिले १४४० ठिपके असावेत. तेव्हां इंचास १०९ ठिपके मिळतात. दुकानांत चलच्चित्रांची झगमग पाहत बसण्यापेक्षां एखाद्या मराठी वर्तमानपत्राचें पान उघडून बारीक अक्षर वाचून पाहावें. सांगलीच्या पत्रांतील मोठ्या पडद्याचे ठिपके किती, हें लिहिलेलें नाहीं. पण त्या किंमतींत ते बहुधा १९२० गुणिले १०८० च असणार, आणि तसें असल्यास मोठा पडदा म्हणजे अधिक मजकूर नव्हे, तर तोच मजकूर ताणून मोठा केलेला, हें समजून असावें.

आतां आंतल्या यंत्राकडे वळूं. पडदा डोळ्यांस दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. यंत्राचा वेग दिसत नाहीं, तो भोगावा लागतो. ‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण ऑल-इन-वन संचास विशेषच लागू पडते. कारण हे संच दिसतात टेबलावरच्या मोठ्या संगणकासारखे, परंतु त्यांतील बऱ्याच संचांच्या पोटांत बसविलेले असतात मांडीवरच्या संगणकाचे अवयव. पातळ अंगांत उष्णता बाहेर जाण्यास वाव कमी. म्हणून कमी वीज खाणारा प्रोसेसर योजावा लागतो, आणि तोहि फार तापला कीं आपला वेग आपणच उतरवितो. इंटेल कंपनीच्या अलीकडील कित्येक प्रोसेसरांच्या नांवाशेवटीं ‘यू’ हें अक्षर असतें. तो मूळचा १५ वॉटांच्या बेताचा. ‘एच’ असेल तर सुमारें ४५ वॉटांचा आणि अधिक जोमदार. ‘एन १००’ सारखें नांव असेल तर तो ६ वॉटांचा, चार लहान गाभ्यांचा, हलक्या कामापुरता समजावा. ‘आय-५’ किंवा ‘आय-३’ एवढेंच ऐकून समाधान मानूं नये, पिढी विचारावी. दहा-बारा वर्षांपूर्वींच्या आय-५ पेक्षां २०२२ सालचा आय-३ पुष्कळ सरस आहे. घराण्याच्या नांवापेक्षां मुलाचें कर्तृत्व पाहावें, हा नियम येथेंहि खरा ठरतो.

तथापि घरगुती वापरांत संथपणाचें खापर बहुधा प्रोसेसरवर विनाकारण फुटतें. खरे अपराधी दुसरे दोन असतात. पहिला अपराधी म्हणजे फिरती हार्ड डिस्क. तींत माहिती शोधण्यासाठीं एक दांडी प्रत्यक्ष हलते आणि तबकडी फिरून योग्य जागीं येण्याची वाट पाहते. या खटाटोपास दरवेळीं दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. ‘एस.एस.डी.’ मध्यें हलणारा भागच नाहीं; तेंच काम एकदशांश मिलिसेकंदांत किंवा त्याहूनहि लवकर होतें. शंभरपटींचा हा फरक संगणक सुरू करतांना, हिशेबाचें पुस्तक उघडतांना, प्रत्येक वेळीं जाणवतो. १ टी.बी.ची हार्ड डिस्क आणि ५१२ जी.बी.ची एस.एस.डी. यांत मोठा आंकडा पाहून पहिली घेणें म्हणजे कोठी मोठी म्हणून गांवाबाहेरचें घर घेण्यासारखें आहे. दुसरा अपराधी म्हणजे अपुरी मेमरी. मेमरी म्हणजे कामाचा ओटा. ८ जी.बी.च्या ओट्यावर एका माणसाचा स्वयंपाक होतो. परंतु हिशेबाचा तक्ता, पांचसात उघडीं पानें, मुलाचा शिकवणीवर्ग आणि पार्श्वभूमीस चाललेलें विषाणुप्रतिबंधक काम अशी पंगत बसली कीं ओटा अपुरा पडतो आणि यंत्र सारखें सामान खालीं ठेवूं-उचलूं लागतें. एकत्र कुटुंबानें १६ जी.बी.पासून आरंभ करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

“मेमरी पुढें वाढवितां येईल,” असें दुकानदार म्हणेल. त्यावर एकच प्रश्न विचारावा: हें बिलावर लिहून द्याल काय? कारण पुष्कळ पातळ संचांत मेमरी मूळ पट्टीवरच डाखलेली असते. आयमॅकचेंच उदाहरण घ्या. २०२० पर्यंतच्या २७ इंची संचाच्या पाठीमागें लहानसें झांकण उघडून मेमरी वाढवितां येई. २०२१ पासूनच्या २४ इंची संचांत ती चिपशींच जोडलेली आहे, म्हणून विकत घेतांना जी घेतली तीच शेवटपर्यंत. जेथें पुढें बदल शक्य नाहीं, तेथें आजची काटकसर उद्यांची उधळपट्टी ठरते.

यापुढील मुद्दा सर्वांत गंभीर आहे, आणि तो दोन्ही संचांस सारखाच लागू पडतो. ऑल-इन-वन म्हणजे असमान आयुष्याच्या दोघांचें लग्न होय. चांगला पडदा दहा वर्षें सहज टिकतो. यंत्राचा वेग मात्र पांच-सात वर्षांत कालबाह्य होऊं लागतो. वेगळे असते तर यंत्र बदलून पडदा राखतां आला असता. येथें एकाबरोबर दुसऱ्यासहि जावें लागतें. कधीं यंत्र धडधाकट असून केवळ आज्ञावलीचा पाठिंबा संपतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नित्याचा पाठिंबा थांबविला, आणि विंडोज ११ साठीं जुने प्रोसेसर अधिकृतपणें चालत नाहींत. त्यामुळें कित्येक घरांतील उत्तम पडद्याचे संच एका दिवसांत म्हातारे झाले. म्हणून संचास ‘एच.डी.एम.आय. इन’ ही वाट आहे काय, हें अवश्य विचारावें. ‘आउट’ नव्हे, ‘इन’. ती असेल तर आंतलें यंत्र निकामी झालें तरी बाहेरचें नवें लहान यंत्र जोडून जुना पडदा वापरतां येतो. ज्यांस टेबलावर एखादी जादा तार खपत असेल, त्यांनीं वेगळा मॉनिटर आणि वहीएवढा ‘मिनी’ संगणक घेण्याचाहि विचार करावा; शोभा थोडी कमी, पण प्रपंच अधिक शहाणपणाचा. आणखी एक विसरूं नये: मांडीवरच्या संगणकास बॅटरी असते, ऑल-इन-वनला बहुधा नसते. वीज गेली कीं लिहीत असलेला हिशेबहि जातो. यास्तव एका लहानशा यू.पी.एस.ची किंमत प्रथमपासूनच अंदाजपत्रकांत धरावी.

डोळ्यांविषयीं घरोघरीं जी भीति असते, तिचेंहि निरसन करूं. संगणकाच्या पडद्यानें डोळे कायमचे बिघडतात, यास आधार नसल्याचें नेत्रवैद्य सांगतात. मात्र पडद्याकडे पाहतांना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. आणि प्रतिबिंब चुकविण्यासाठीं मान वांकडी करून बसलें तर मानपाठ दुखते. वीस मिनिटांनीं वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावें, हा डॉक्टरांचा सोपा नियम सर्वांनीं पाळावा. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा आरंभ आहे, अशा वडील मंडळींस तर दिव्याची तिरीप आणि चकाकी विशेष त्रास देते, कारण गढूळ झालेल्या भिंगांत प्रकाश आणखी विखुरतो. पडदा कोणताहि असो, तो खिडकीच्या समोर किंवा खिडकीस पाठ करून ठेवूं नये. खिडकी बसणाराच्या डाव्या वा उजव्या हातास यावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं, आणि अंतर हातभर असावें. या व्यवस्थेस एक पैसाहि लागत नाहीं, आणि निम्मी चकाकी तिनेंच पळते.

आतां सांगलीच्या प्रश्नाचा निकाल. रकम ठरलेली असतां पैसा कोणत्या क्रमानें लावावा, याचा आमचा पाढा असा: प्रथम एस.एस.डी.; मग १६ जी.बी. मेमरी, मग नव्या पिढीचा मध्यम प्रोसेसर, मग आय.पी.एस. पट आणि पुरेसे ठिपके. मग चकाकी नसणें. आणि अगदीं शेवटीं अंगाचा पातळपणा, रंग व बोटानें चालण्याची गंमत. हा क्रम लावला तर दुसरा, साधा दिसणारा संचच सरस ठरतो. पडद्याची चकाकी जागा बदलून, पडदा ओढून कांहीं अंशीं आंवरतां येते. परंतु पोटांतला दुबळेपणा पुढें कशानेंहि भरून निघत नाहीं. म्हणून चकाकी आणि वेग यांत निवड करावी लागली तर वेगास अग्रक्रम द्यावा. सुदैवानें या घरापुढील दुसऱ्या संचांत वेगहि आहे आणि पाटीसारखा शांत पडदाहि आहे. तेव्हां वाद उरतोच कोठें?

वाद उरतो तो मतांच्या मोजणीचा. पत्रांत मुलांची आवड आहे, वडिलांचा पैसा आहे, पत्रलेखकांची चिंता आहे. परंतु जी व्यक्ति रोज सहा तास त्या पडद्यापुढें, आणि तेंहि ऐन दुपारीं अंगणाच्या उजेडांत, बसणार आहे, तिचें मत विचारल्याचा उल्लेख नाहीं. सूनबाई आकड्यांच्या बारीक रांगा वाचणार. एका ओळीचा आंकडा दुसऱ्या ओळींत गेला तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. आणि यंत्र अडखळलें तर सायंकाळच्या स्वयंपाकास उशीर झाल्याचें बोलणेंहि त्यांनाच ऐकावें लागणार. ज्याच्या हातीं सांडशी त्यालाच भांड्याचा ताप कळतो. स्वयंपाकघरांतील पाट्याची उंची ठरवितांना ओसरीवरच्या मंडळींनीं मत दिल्यामुळें पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या पाठी मोडल्या. तीच चूक माजघरांतील नव्या यंत्राच्या बाबतींत पुन्हां करण्याचें कारण नाहीं. पैसा घरचा असो वा वडिलांचा, पहिलें मत वापरणाराचें असावें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, येत्या रविवारीं या वाचकांनीं धाकट्या सूनबाईंस आणि आपल्या वडिलांस बरोबर घेऊन दुकानांत जावें. प्रथम दोन्ही पडदे बंद करवून घ्यावे आणि काळ्या पडद्यांत काय काय दिसतें तें पाहावें. जें दिसेल तें पुढें रोजच दिसणार आहे. मग सूनबाईंनीं आपला नेहमींचा हिशेबाचा तक्ता दोन्हींवर उघडून पंधरा मिनिटें काम करावें, वडिलांनीं वर्तमानपत्राचें पान वाचावें, मुलांनीं बाजूस उभे राहून रंग फिरतात काय तें सांगावें. प्रोसेसरचें पूर्ण नांव, मेमरी वाढविण्याची सोय, पटाची जात आणि हमीची मुदत हीं चारहि बिलावर लिहून घ्यावीं. एवढें केल्यावर कोणता संच घ्यावा, हें सांगण्यास आमची गरज उरणार नाहीं. आणि तो घरीं आल्यावर त्याच्या नांवानें कोणी कुरकुरणारहि नाहीं, कारण तो सर्वांनीं पारखून घेतलेला असेल.